निरोपाचा रकाना रिकामा आहे

सर,

मी मनीषा. वाचनालयात कचरापोता करते, झाडणं-पुसणं, ती. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे छापणार आहेत, तुमच्या आठवणीचं एक लहान पुस्तक काढतायत, म्हणून वाचणाऱ्यांसाठी सांगितलं. वाचनालयाचे अध्यक्षकाका म्हणाले, सरांच्या वर्गातल्या सगळ्यांनी एकेक पान द्या, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, तूही बसायचीस ना गं अधूनमधून, तूही लिही दोन ओळी, सर चांगले होते असं. मी हो म्हटलं. पण दोन ओळींत नाही होणार सर, आणि मी भरभर लिहितेय, कारण थांबले तर फाडून टाकीन, दोनदा फाडलंय आधी. नववीपर्यंत शिकले, तेही गुजराती शाळेत, तेव्हा माझं लिहिणं कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही म्हणायचात, अक्षर कसंही असू दे मनीषाबेन, नोंद खरी पाहिजे.

तीच नोंद मी खरी केली नाही. ते सांगायला बसलेय.

मला पहिला दिवस आठवतो. मी टेबलाखाली पोतं फिरवत होते, आणि वर्गातल्या मुली पाय वर करून बसल्या, सगळे तसंच करतात, कोणी वाईट म्हणून नाही, सवय. तुम्ही उठून उभे राहिलात. खुर्ची उचलून बाजूला ठेवलीत, मी पुसेपर्यंत भिंतीला टेकून थांबलात, आणि वाळल्यावर परत बसलात. मग मला म्हणालात, "मनीषाबेन, तुम्हाला काय शोधायचंय?"

मी घाबरले. म्हटलं, "काही नाही सर, माझं काही हरवलं नाही."

वर्गातली जिनल हसली, सगळ्याच हसल्या. तुम्ही नाही हसलात. म्हणालात, "बरं. हरवलं की सांगा."

त्या सगळ्या लायब्ररीचा कोर्स करणाऱ्या मुली, हातात मोबाइल, आणि तुम्ही त्यांना शिकवायला काय घेतलं तर काळा पडदा. टेलनेट. मला वाटलं काहीतरी टेलिफोनचं असेल. काळ्या खिडकीत एक नाव लिहायचं, एंटर दाबायचा, मग पडदा काही बोलायचा नाही, आपण श्वास धरून बसायचं, आणि मग कॅनडातल्या कुठल्यातरी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीचं नाव हळूहळू ओळीओळीनं उतरायचं. चित्र नाही, माउस नाही. एक दाबलं तर लेखक, दोन दाबलं तर पुस्तकाचं नाव, तीन दाबलं तर विषय.

जिनल म्हणाली, "सर, आ तो दादाजीनो टीव्ही छे."

"दादाजींच्या टीव्हीत दादाजींची पुस्तकं आहेत जिनलबेन," तुम्ही म्हणालात. "बडोद्यात छापलेली मराठी पुस्तकं, इथं कुणाकडे राहिली नाहीत, तिथं कपाटात आहेत. त्यांच्या नव्या वेबसाइटवर ती अजून चढवलेली नाहीत, या जुन्या कॅटलॉगातच आहेत. तुमच्या मोबाइलात एक दाखवा, मी आत्ता वर्ग बंद करतो."

जिनलनं दहा मिनिटं मोबाइल खरवडला. मग म्हणाली, "सारू, शीखवाडो." बरं, शिकवा.

त्या पुस्तकांची यादी करायची होती तुम्हाला. एक जाड वही होती, त्यात एकेक पुस्तक, लेखक, छापखाना, पानं किती. आणि दुसरं एक रजिस्टर होतं, पातळ, त्यात कोण कधी आत गेलं ते. नाव, वेळ, काय शोधलं, आणि शेवटचा रकाना निरोपाचा. त्या लायब्ररीतल्या बाईंनी आपल्या वर्गाला पाहुण्यांसाठीची एक जागा दिली होती, एकच, आणि अट एवढीच की काम झालं की नीट बाहेर पडायचं. तुम्ही ते किती वेळा सांगितलं. खिडकीची फुली दाबून पळायचं नाही, कंट्रोल आणि चौकोनी कंस दाबून पळायचं नाही, त्यानं आपल्या बाजूचं दार लागतं, त्यांच्या बाजूचं लागलं की नाही ते आपल्याला कळत नाही. यादीतून बाहेर, मग मेन्यूतून बाहेर, मग त्यांचा पडदा स्वतः सांगेल की तुम्ही गेलात, तेव्हा रजिस्टरमध्ये टिक.

आणि टिक करताना तोंडानं म्हणायचं, येतो नाही तर येते. जिनलसुद्धा म्हणायची, "येते", तिच्या त्या गुजराती सुरात. तुम्ही म्हणायचात, आपल्यात कुणाच्या घरून निघताना जाते म्हणत नाहीत, आणि न सांगता तर कुणीच निघत नाही.

माझी चिऊ तेव्हा दीड वर्षाची, वर्गाच्या कोपऱ्यात चटईवर बसलेली असायची, तिला बोलता येत नव्हतं धड, पण ते शिकली. घरी कपाट लावलं की म्हणायची, येते. फ्रीज लावला की येते. सासूबाई म्हणायच्या, ही पोरगी फ्रीजला काय सांगते?

घरी वर्गाचं माहीतच नव्हतं. घरी मी सांगितलं होतं की वाचनालयाचं काम पाच वाजेपर्यंत चालतं. काम तासाभराचं होतं सर, बाकीचा वेळ मी तुमच्या वर्गात बसायचे. आमचे हे कोयलीला रिफायनरीत कॉन्ट्रॅक्टवर, शिफ्टचा पत्ता नाही, ह्यांनी कधी विचारलं नाही, पण सासूबाईंना कळलं तर म्हणतील, पोरीला फरशीवर टाकून कॉम्प्युटर खेळते. मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटते. तुम्ही एकदा म्हणाला होतात, मनीषाबेन, तुम्ही दार वाजलं तरी चोर पकडल्यासारख्या दचकता. खरं आहे. चिऊ सात महिन्यांची असताना तिला तापात झटका आला होता, डोळे वर, अंग लाकडासारखं, आणि त्या दिवसापासून माझ्या छातीत एक धडधड बसलीय ती उठलीच नाही.

ते मी तुम्हाला कधी सांगितलं? दुसऱ्या महिन्यात बहुतेक. तुम्ही परत विचारलं होतं, काय शोधायचंय, आणि मी म्हटलं, ताप. तुम्ही तीन दाबलंत आणि मला म्हणालात लिहा. मी इंग्रजी अक्षरात टी डबल ए पी लिहिलं. शून्य आलं. मला वाटलं झालं, माझी लायकीच तेवढी. तुम्ही म्हणालात, "असं नाही. ज्या माणसानं ते पुस्तक कपाटात ठेवलं, त्यानं त्याला काय नाव दिलं असेल ते ओळखायचं. ते तुमच्या भाषेत हाक मारणार नाहीत, तुम्ही त्यांच्या भाषेत हाक मारा, मग तुमचं पुस्तक बाहेर येतं." आणि मग मुलं, मग मुलांची निगा, मग मराठी, मग बडोदा, असं एकेक करत गेलो, आणि एक ओळ आली. मुलांच्या संगोपनाचं पुस्तक, मराठी, छापलं आपल्या रावपुऱ्यात, कितीतरी वर्षांपूर्वी. आणि त्याच्यासमोर दोन इंग्रजी शब्द. तुम्ही सांगितलंत, याचा अर्थ शेल्फवर आहे. आत्ता. कुणी नेलेलं नाही.

मला रडू आलं होतं, तुम्ही खिडकीकडे बघत बसलात. मला एवढंच वाटलं होतं की तेव्हापण याच गल्लीत कुणीतरी बाई पोराच्या तापाला घाबरत होती, म्हणून तर कुणीतरी पुस्तक लिहिलं. मी एकटी नाही.

मग आपलं भांडण झालं, आठवतं? मी म्हटलं, "सर, पण ते पुस्तक काही माझ्या हातात येणार नाही. हे दुकानाच्या काचेतून साडी बघितल्यासारखं झालं. आहे एवढं कळून काय उपयोग?"

तुम्ही म्हणालात, "आहे हे कळणं कमी आहे का?"

"कमीच आहे," मी म्हटलं. तुमच्याशी वाद घालताना मला भीती वाटायची नाही, तेवढ्या एका ठिकाणी वाटायची नाही. "उपाशी बाईला सांगायचं की कॅनडात भाकरी आहे."

जिनल म्हणाली, "मनीषाबेन, कॅनडात पण आपलेच लोक आहेत, भाकरी पाठवतील." तुम्ही खूप हसलात, ठसका लागेपर्यंत, आणि म्हणालात, याचं उत्तर मी तुम्हाला देईन, आज नाही, नीट विचार करून देईन. दिलं नाहीत. मी द्यायला वेळच ठेवला नाही.

आता ते सांगते.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. मुली लवकर गेल्या, कुणाला गावी जायचं होतं, कुणाला मांडवीत खरेदी. तुमचं पण घरी काही होतं. मी ती संगोपनाच्या पुस्तकाची नोंद जाड वहीत उतरवत होते, मी स्वतः आत गेले होते, रजिस्टरमध्ये माझं नाव, माझी वेळ, माझ्या अक्षरात. तुम्ही निघताना चष्म्याची डबी खिशात टाकलीत आणि म्हणालात, "मनीषाबेन, तुमचं झालं की निरोप घ्या, आणि बंद करा. मी थांबत नाही." पहिल्यांदाच. वर्गातल्या कुणालाच तुम्ही एकटं सोडत नव्हतात त्या पडद्यासमोर, मला सोडलंत. मला इतकं बरं वाटलं की मी पाठ ताठ करून बसले.

लेखक उतरवला, छापखाना उतरवला. पानं किती, तिथपर्यंत आले, आणि चिऊ बाकावर चढत होती ती पडली. ओठ फुटला. रक्त. सर, लहानसं होतं, आता कळतं लहानसं होतं, पण मला तिचे डोळे वर गेल्यासारखे वाटले, आणि मी उठले, तिला उचललं, पडद्याचं बटण दाबलं, पडदा काळा झाला, दिवा घालवला, कुलूप लावलं आणि रिक्षा पकडली. पडद्याचं बटण. घरी टीव्ही बंद करतात तसं. मशीन खाली टेबलात चालूच होतं आणि त्याच्या आत ते दार उघडं होतं.

रात्री अंथरुणावर मला आठवलं का? नाही. दुसऱ्या दिवशीपण नाही. फराळ, पाहुणे, चिऊचा सुजलेला ओठ. सुट्टी संपून लाभपाचमीला वाचनालय उघडलं, मी झाडायला गेले, तर टेबलाखालून घूं घूं आवाज येत होता. मी पडदा चालू केला आणि तिथं माझं पुस्तक तसंच होतं, मी सोडलं तिथंच, पानं किती त्या ओळीवर. खाली एक ओळ आली होती की संबंध तुटला आहे.

मी मशीन बंद केलं. पोतं मारलं. कुणाला काही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी त्या बाईंचा ईमेल आला वाचनालयाच्या पत्त्यावर. जिनलनं वाचून दाखवला अध्यक्षकाकांना. इतका सभ्य होता की शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पाहुण्यांची जागा इतके दिवस उघडी राहिली, त्यामुळे त्यांच्या जुन्या यंत्राचं रोजचं नोंदी जपून ठेवायचं काम अडकून पडलं, वरून त्यांना बोलणी बसली, आता ही जुनी यादी बाहेरच्या कुणालाच उघडणार नाही, वाईट वाटतं, तुमच्या विद्यार्थ्यांना शुभेच्छा.

शुभेच्छा म्हणजे आपली जाड वही अर्धीच राहिली.

मीटिंग झाली. अध्यक्षकाका, आणखी दोघं, तुम्ही, जिनल, आणि मी चहा द्यायला. चिऊ माझ्या कडेवर. टेबलावर ते पातळ रजिस्टर उघडलेलं. अध्यक्षकाका म्हणाले, "सर, शेवटी कोण बसलं होतं?" तुम्ही खिशातून चष्म्याची डबी काढलीत, चष्मा घातलात, आणि रिकामी डबी रजिस्टरवर ठेवलीत. बरोबर त्या ओळीवर. माझ्या नावावर. मी बघितलं सर. तुम्ही माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत.

"मी बसलो होतो," तुम्ही म्हणालात. "मुली गेल्यावर परत आलो. माझ्याकडे चावी आहे. निरोप घ्यायचा राहिला. विसरलो."

"तुम्ही विसरलात?" अध्यक्षकाका म्हणाले. "तुम्ही तर आम्हाला पंखा बंद करायची आठवण करता."

"वय झालं," तुम्ही म्हणालात.

माझ्या एका हातात ट्रे होता. मला एक वाक्य बोलायचं होतं, चार शब्दांचं, सर, ती मी होते. चार शब्द. मी मनात सासूबाई बघितल्या, मनात काम गेलेलं बघितलं, मनात ह्यांचा चेहरा बघितला, आणि चिऊला दुसऱ्या कडेवर घेतलं. बस. तेवढंच केलं.

मग ते प्रेमानंच म्हणाले, कुणी वाईट बोललं नाही, हे मी मुद्दाम लिहितेय. म्हणाले, सर, खूप केलंत, आता आराम करा, वर्ग थांबवूया, चावी ठेवून द्या, उगाच तुम्हाला धावपळ. तुम्ही जुडगा काढलात. कडी घट्ट होती. तुम्ही नखानं उघडायला गेलात, निघेना, बोटं थरथरत होती, एकदा निसटली, दुसऱ्यांदा निसटली. सगळे तुमच्या बोटांकडे बघत होते, आणि मला माहीत आहे ते काय समजत होते. अध्यक्षकाका म्हणाले, "मनीषा, जरा काढून दे गं त्यांना."

मी ट्रे ठेवला. मी काढली चावी. तुमच्या जुडग्यातून, माझ्या नखांनी, सर, आणि टेबलावर ठेवली. तुम्ही म्हणालात, "थँक यू, मनीषाबेन."

त्यानंतर मी तुमच्यासमोर आले नाही. तुम्ही पेपर वाचायला सकाळी यायचात, मी दुपारी जायला लागले. जिनलकडे निरोप पाठवलात की वर्ग नाही तर नाही, जेवढी नावं आहेत तेवढी तरी नीट लावून ठेवू, या. मी सांगितलं, चिऊ आजारी आहे. चिऊ ठणठणीत होती. पोरीच्या नावानं खोटं बोलले, आणि मग आठवडाभर तिचं कपाळ बघत बसले, खरंच ताप येईल म्हणून.

उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी मांडवीत तुम्ही मला दिसलात. पतंगाच्या दोऱ्याच्या दुकानांची गर्दी, तुम्ही हातात पिशवी घेऊन हळूहळू येत होतात, स्वेटरची बटणं वरखाली लागलेली. मी बांगड्यांच्या दुकानात शिरले. घ्यायचं काही नव्हतं. आत पाठ करून उभी राहिले आणि हिरव्या बांगड्या बघितल्यासारखं केलं. मला तुमच्या चपलांचा आवाज माहीत आहे, तो दुकानाशी आला आणि थांबला. बराच वेळ थांबला. मग तुम्ही दुकानदाराला म्हणालात, "भाई, आत एक बेन आहेत, त्यांना सांगजो, उतावळ नथी."

घाई नाही. दुकानदार माझ्याकडे बघून हसला, त्याला काय कळणार. मी वळले तेव्हा तुम्ही पुढं गेला होतात.

मी तेव्हा धावले असते तर दहा पावलांवर होतात.

मला वाटलं, घाई नाही म्हणालेत, तर नाही. उत्तरायण होऊ दे, मग जाईन. मग वाटलं चिऊला सर्दी आहे, बरी झाली की जाईन. तुमचं घर दोन गल्ल्या पलीकडे, रोज मी तुमच्या गल्लीच्या तोंडावरून जायचे आणि वर बघायचे, गॅलरीत तुमचा पांढरा टॉवेल असायचा. टॉवेल बघितला की मला बरं वाटायचं. आहेत. आज नाही गेले तरी आहेत. सर, तुम्ही ज्या वादाचं उत्तर देणार होतात ना, आहे एवढं कळून काय उपयोग, त्याचं उत्तर मला त्या टॉवेलनं दिलं, आणि टॉवेल नसलेल्या सकाळी कळलं की दिलं होतं.

शोकसभेला मी मागं दाराशी बसले. तुमची मुलगी आली होती पुण्याहून, तुमच्यासारखंच कपाळ. अध्यक्षकाका चांगलं बोलले तुमच्याबद्दल, खूप चांगलं, आणि मग म्हणाले, शेवटी शेवटी सरांना विस्मरण व्हायला लागलं होतं, ते बघवत नव्हतं. सगळ्यांनी माना हलवल्या. आणि तुमची मुलगी रडायला लागली. शेजारच्या बाईंना म्हणाली, "बाबा फोनवर बरोबर बोलायचे हो, मला कळलंच नाही. मी यायला पाहिजे होतं, डॉक्टरला दाखवायला पाहिजे होतं. मी कशी मुलगी."

मी तेव्हापण उठले नाही.

फुलं वाहायची रांग लागली, चिऊला मी उचललं, तिनं फूल टाकलं तुमच्या फोटोपुढं आणि मोठ्यानं म्हणाली, येते. लोकांना गोड वाटलं, कुणीतरी तिचा गाल ओढला. पोरगी दोन वर्षांची, तिनं तुम्ही शिकवलं तसं केलं.

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई मेथी निवडत होत्या, मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, वर्गाचं, पाच वाजताचं, पडद्याच्या बटणाचं. मान वर न करता ऐकत होत्या. मला वाटलं आता ओरडतील. काड्या वेगळ्या, पानं वेगळी, हात थांबले नाहीत. मग म्हणाल्या, "चावी काढायला तुला सांगितली, आणि तू काढलीस?"

"हो."

"तुझ्या हातानं?"

"हो."

त्यांनी मेथीची दुसरी जुडी सोडली. मग म्हणाल्या, "फ्रीजला येते म्हणते ती ते त्यांचं होय."

"हो."

"मग लिही," म्हणाल्या. "पोरीला मी बघते."

म्हणून लिहितेय. अध्यक्षकाका, तुम्ही हे वाचाल तेव्हा मला कामावर ठेवायचं का नाही ते तुम्ही ठरवा, मी काही बोलणार नाही. तुमचा दोष नाही, तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही मानलं. पण एक करा, पुस्तकात कुठं सरांना विस्मरण झालं होतं असं आलं असेल तर ते काढा. आणि ताई, तुम्ही पुण्याला हे वाचाल तेव्हा, तुमच्या बाबांना काही झालं नव्हतं. त्यांना मरेपर्यंत सगळं आठवत होतं. कोण बसलं होतं, किती वाजता बसलं होतं, कुठल्या ओळीवर डबी ठेवायची, सगळं. तुम्ही काही चुकवलं नाहीत. त्यांची बोटं थरथरली ती कडी घट्ट होती म्हणून, मी उघडलीय ती, मला माहीत आहे. माझीपण नखं वळली होती.

सर, काल मी ते रजिस्टर काढलं. मला वाटत होतं तुम्ही माझं नाव खोडून तुमचं लिहिलं असेल. नाही. तसंच आहे, माझं नाव, माझी वेळ, काय शोधलं तर मुलांची निगा, आणि शेवटचा रकाना रिकामा. तुम्ही तोंडानं खोटं बोललात माझ्यासाठी, नोंद खोटी केली नाहीत. झाकली फक्त. कुणीही डबी उचलून बघितलं असतं तर दिसलं असतं. कुणी बघितलं नाही, आणि मला उचलायची नव्हती.

पेन हातात होतं. मी टिक नाही केली. निरोप घेतला नव्हता, आता ते दार तिकडून बंद झालंय, टिक केली तर ते आणखी एक खोटं. मी नुसतं माझ्या नावापुढं आडनाव लिहिलं, पूर्ण, म्हणजे कुणाला दुसरी मनीषा वाटू नये. आणि जाड वहीत त्या पुस्तकाची नोंद अर्धी आहे तिथं लिहिलं, पानं किती ते माहीत नाही, पुस्तक शेल्फवर आहे.

जिनल म्हणते, त्या बाईंना आपण पत्र लिहू, खरं सांगू, परत उघडतील असं नाही, पण सांगू. मी म्हटलं, मी सांगते, तू इंग्रजी कर. उद्या बसतोय.

चिऊ उठली. मी निघते सर, असं लिहिलं होतं, ते खोडलं.

येते.